एक चित्रपट, अनेक हात
(दामले–फत्तेलाल यांच्या कार्यपद्धतीचा अल्प परिचय)

‘संत तुकाराम’ हा चित्रपट ज्या घरात कोणीच पाहिला नाही असे मराठी घर, मग ते पुण्यात असो की पुण्यापासून शेकडो मैलांवर, विरळाच. तुकोबांचे नाव निघताच अनेकांच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीस यांचीच मूर्ती उभी राहते. परंतु या चित्रपटाचे दिग्दर्शक कोण, असे विचारले असता पुष्कळजण अडखळतात. चित्र ‘प्रभात’चे म्हणून काहीजण व्ही. शांताराम यांचे नाव सांगून मोकळे होतात. वस्तुतः 1936 साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शक दोन होते : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, म्हणजेच सर्वांचे साहेबमामा. या दोघांची कामाची रीत समजावून घेतली, तर चित्रपट म्हणजे काय, हेही बरेचसे उमगते. म्हणून प्रस्तुत लेखाचा हा प्रपंच.

शिक्षण कोठे झाले?

दामले आणि फत्तेलाल कोणत्याही चित्रपट-विद्यालयात शिकले नव्हते. त्या काळी तसे विद्यालयच नव्हते. त्यांची शाळा म्हणजे कोल्हापूरची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि गुरू म्हणजे बाबूराव पेंटर. बाबूराव स्वतः चित्रकार आणि यंत्रविद्येचे वेडे. परदेशी कॅमेरा परवडेना तेव्हा त्यांनी कॅमेरा हातांनी घडविला. अशा गुरूच्या हाताखाली ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याची सोय नसते. पडदे रंगवावे, लाकूड तासावे, फिल्म धुवावी, प्रसंगी तोंडाला रंग फासून गर्दीत उभे राहावे, असा तेथील शिरस्ता होता. शांताराम आणि केशवराव धायबर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे या चौघांनी सीताराम कुलकर्णी यांच्या आर्थिक पाठबळावर 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली आणि 1933 मध्ये बिऱ्हाड पुण्यास हलविले.

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘प्रभात’च्या पहिल्या काही वर्षांत शांताराम दिग्दर्शन करीत, आणि भागीदार असूनही दामले ध्वनिलेखनाचे व फत्तेलाल नेपथ्याचे काम सांभाळीत. म्हणजे मालकच कारागीर होते. ज्या माणसाने स्वतः खिळा ठोकला आहे त्याला सुताराचे काम किती वेळाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. दिग्दर्शकाच्या अंगी कल्पकता हवी हे खरेच. पण दुसऱ्याच्या श्रमाची अटकळ असणे हा त्याहून दुर्मिळ गुण होय.

बोलपटाची अडचण

मूकपटाच्या काळी चित्रण चालू असता दिग्दर्शक मोठ्याने सूचना देऊ शकत असे. बोलपट आला आणि सर्वांचीच तोंडे बंद झाली. ध्वनिग्राहक यंत्राला नटाचे भाषण तेवढे ऐकू येते असे नाही. पंख्याची घरघर, कोणाचे खोकणे, दूरवरच्या कावळ्याची काव काव, सारे त्यात उमटते. म्हणून पंखे बंद, दारे बंद, आणि डोक्यावर प्रखर दिवे. त्या उकाड्यात नटाने शांत चेहऱ्याने अभंग म्हणावा आणि दिवे धरणाऱ्याने घाम पुसण्यासाठीही हात हलवू नये, असा हा मामला. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटाची मराठी व हिंदी अशी दोन रूपे निघाली. तेव्हा हे कष्टही दुपटीचे झाले. त्या चित्रात राजा हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे हेच संगीतकारही होते!

तुकोबांचे घर

‘संत तुकाराम’ पाहताना आपण सारे जण देहू गावात वावरतो. ते घर, ती म्हैस, ती चूल, अंगणातला तो पसारा यांत कोठेही दिखाऊपणा नाही. फत्तेलाल यांची कलादृष्टी येथे दिसते. संतपट म्हटला की झगमगाट करण्याचा मोह होतो. येथे चमत्कार आहेत, अखेरीस वैकुंठाचे विमानही आहे. परंतु चमत्कार ज्या घरात घडतात ते घर शेणाने सारविलेले आहे, आणि म्हणूनच ते चमत्कार पटतात. तुकोबांचे हे घर एका शेखाच्या नजरेने उभे राहिले, याचे त्या काळी प्रेक्षकांना नवल वाटले नाही. आजही वाटू नये.

आता इतर हात पाहू. कथा-संवाद शिवराम वाशीकर यांचे, छायालेखन व्ही. अवधूत यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबांच्या अभंगांखेरीज जे एक पद हवे होते ते शांताराम आठवले यांनी लिहिले. बीज आणि वृक्ष यांचा दाखला देणारे ते गाणे इतके एकजीव झाले की, तो तुकोबांचाच अभंग आहे असे मानणारे आजही भेटतात. आपले नाव पुसले जावे इतके चोख काम करणे, ही कवीची केवढी कमाई!

पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. तो मार्दव त्यांच्या तुकोबांत उतरला आहे. जिजाईची भूमिका करणारी गौरी ही तर कोणी नामांकित नटी नव्हे. कंपनीत किरकोळ कामे करता करता ती पुढे आली. मूल आजारी असता देवालाच वहाण दाखविणारी ती जिजाई पाहिली, म्हणजे योग्य माणूस मोठ्या शहरातच शोधावा लागतो असे नाही, हे पटते. आपल्याच आवारात वावरणाऱ्या बाईमधली जिजाई ओळखणे, हे दिग्दर्शकाच्या डोळ्याचे काम.

हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरवाने उल्लेख झाला. पुढे ‘गोपाळकृष्ण’ (1938) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) हेही याच जोडीने दिले.

पगार आणि रोजंदारी

‘प्रभात’सारख्या कंपनीत नट, सुतार, शिंपी, रंगारी सारे पगारी नोकर असत. चित्र चालो वा पडो, महिनाअखेरचा हिशेब ठरलेला. त्यामुळे माणसे वर्षानुवर्षे एकत्र राहिली आणि एकमेकांच्या हाताची सवय झाली. 1942 साली शांताराम बाहेर पडले, 1945 मध्ये दामले वारले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एकंदरीतच अशा कंपन्यांचे दिवस सरले. एकेका चित्रापुरती माणसे जमवायची रीत आली. नटांचे मोल वाढले, पण दिवे उचलणारा रोजंदारीवर आला. मार्च 2020 मध्ये साथीमुळे चित्रणे थांबली तेव्हा प्रथम चूल बंद पडली ती या रोजंदारीच्या माणसाची. ‘प्रभात’च्या आवारात 1960 पासून सरकारी चित्रपटशिक्षण संस्था आहे, मात्र तेथे शिकविता येते ती कला. माणसे सांभाळण्याची रीत ज्याने त्याने स्वतःच शिकायची असते.

घरी करावयाचा अभ्यास

हा चित्रपट आजही पाहावयास मिळतो. तो मुलांसह पाहावा आणि तीन प्रश्न विचारावेत. या दृश्यात उजेड कोठून येतो? तुकोबांच्या घरातील कोणती वस्तू काढून टाकली तर घर खोटे वाटेल? आणि नट दिसत नसतानाही ज्यांचे काम दिसते अशी माणसे किती? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आरंभीची नामावळी पुन्हा लावून वाचावी. मग असेही ध्यानात येईल की, ज्यांची नावे तेथेही नाहीत असे आणखी कितीतरी आहेत.

आपला न्यासही असाच चालत आला आहे. व्यासपीठावरील नावे या अंकात छापलेली आहेतच. सतरंज्या घालणारे, वर्गणीसाठी उन्हातान्हात दारोदार फिरणारे, जमाखर्चाच्या वह्या लिहिणारे यांचीही एक यादी घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारून या वर्षी तयार करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. वडीलधारे सांगू शकतात तोवरच ती तयार होईल.