दृष्टी गेल्यानंतरचा डाव : ‘अल्गोरिदम्स’ या माहितीपटाचा एक अभ्यास

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीवर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. तिचे आई-वडील दोघेही डॉक्टर. त्यामुळे बोरगाव-सौंसर-पांढुर्णा परिसरातील आपल्या वैद्यक परिवाराला या यशाचा आनंद थोडा अधिकच झाला. बालवयातील प्रतिभेचे हे एक तेजस्वी चित्र होय. प्रस्तुत लेखात मात्र अशाच प्रतिभेचे एक वेगळे चित्र पाहावयाचे आहे. ते पाहताना आपल्या व्यवसायाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

माहितीपटाचा विषय

इयान मॅक्डोनाल्ड यांनी दिग्दर्शित केलेला व गीता जे. यांनी निर्मिलेला ‘अल्गोरिदम्स’ हा माहितीपट २०१२ सालचा. संपूर्ण चित्रण कृष्णधवल आहे. बडोद्याचा दर्पण इनानी, चेन्नईचा साईकृष्ण आणि भुवनेश्वरचा अनंत कुमार नायक या तीन दृष्टिहीन किशोरवयीन बुद्धिबळपटूंचा सुमारे तीन वर्षांचा प्रवास त्यात आहे. २००९ची स्वीडनमधील आणि २०११ची ग्रीसमधील कनिष्ठ गटाची जागतिक अंध बुद्धिबळ स्पर्धा ही त्या प्रवासाची दोन टोके. मुलांना घडविणारे मार्गदर्शक मुंबईचे चारुदत्त जाधव. ते स्वतः अंध असून एके काळचे विजेते खेळाडू आहेत. भारतातील अंध खेळाडूंना जागतिक पातळीवर नेणे हा त्यांचा ध्यास.

स्पर्शाने खेळला जाणारा डाव

अंधांच्या पटावरील प्रत्येक घराला छिद्र असते व मोहऱ्याच्या तळाची खुंटी त्यात बसते. काळी घरे किंचित उंचावलेली असतात आणि रंग ओळखण्यासाठी एका बाजूच्या मोहऱ्यांवर खूण असते. प्रत्येक खेळाडूचा पट स्वतंत्र असतो आणि चाल मोठ्याने सांगावी लागते. ‘हात लावलेले मोहरे चालवलेच पाहिजे’ हा नियम इथे शब्दशः लावला तर अंध खेळाडूस खेळणेच अशक्य होईल. म्हणून मोहरे छिद्रातून उचलले, तरच त्याला हात लावला असे धरतात. पटाची चाचपणी करण्याची मुभा अशी राखली जाते. बाकी खेळ तोच, विचारही तोच.

हे शक्य कसे होते? चेस व सायमन या संशोधकांनी १९७३ साली दाखवून दिले की, खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडतो; परंतु मोहरी वाटेल तशी विखुरली, की त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजेच त्याला एकेक मोहरे आठवत नाही, मोहऱ्यांचे परस्परसंबंध आठवतात. संबंध जाणण्यासाठी डोळा हे एकच द्वार नव्हे. बोटांच्या टोकांनीही ते मनापर्यंत पोहोचतात.

पहिला प्रश्न : अंधत्व टळले असते का?

दर्पणची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममुळे गेली. हा विकार आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. बहुतेक वेळा त्याचे मूळ औषधाच्या प्रतिक्रियेत असते. सल्फा गटातील औषधे, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल ही त्यांतील नेहमीची नावे. आपल्या रोजच्या चिठ्ठीतलीच. ताप, लाल डोळे, तोंडात फोड आणि अंगावर दुखरे चट्टे एकत्र दिसले, तर गेल्या आठ आठवड्यांत कोणती औषधे सुरू झाली हे विचारलेच पाहिजे. संशयित औषध तत्काळ बंद करून रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे. नेत्रतज्ज्ञाने पहिल्या काही दिवसांतच पाहणे अगत्याचे आहे. कारण पापण्या बुबुळाला चिकटणे व कॉर्नियावर व्रण उमटणे हे नुकसान नंतर भरून निघणे कठीण. योग्य रुग्णांत गर्भवेष्टनाच्या पडद्याचे वेळीच केलेले रोपण दृष्टी वाचवू शकते. वाचलेल्या रुग्णाजवळ त्या औषधाचे नाव ठळक अक्षरांत लिहून दिलेले असावे, म्हणजे दुसऱ्या गावच्या दवाखान्यात तीच चूक पुन्हा घडणार नाही.

दुसरा प्रश्न : त्यानंतर काय?

‘आता काही इलाज नाही’ हे वाक्य वैद्यकदृष्ट्या कधी कधी खरे असते; परंतु ते उच्चारून आपण थांबलो, तर आई-वडील त्याचा अर्थ ‘आता काही भविष्य नाही’ असा घेतात. मग मूल घरात बसते. वास्तविक त्याच क्षणी डॉक्टरांचे दुसरे काम सुरू होते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देणे, ब्रेल व बोलणाऱ्या संगणकाची माहिती देणे आणि शाळा सुटू न देणे, हे ते काम. २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा अधिकार आहे. ही गोष्ट पालकांना बहुधा प्रथम आपल्याच तोंडून कळणार.

दर्पणचे पुढे काय झाले? तो सनदी लेखापाल झाला आणि २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्याने बुद्धिबळात सुवर्णपदक मिळविले. प्रत्येक मूल असे पदक आणील असे नाही, आणि पदकावरून मुलाचे मोल ठरवूही नये. माहितीपटातील तिघांचे निकाल सारखे नाहीत. परंतु तिघांनाही पट मिळाला, गुरू मिळाला आणि हरण्याची संधीही मिळाली. ही संधी नाकारणे हीच खरी हानी.

आपल्या मंडळाच्या एखाद्या मासिक सभेत हा माहितीपट सर्वांनी एकत्र पाहावा आणि त्या दिवशी गावातील दृष्टिहीन मुलांच्या पालकांनाही अगत्याने बोलवावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो. वजीर गमावला म्हणून डाव संपत नाही, हे बुद्धिबळ खेळणारा जाणतो. आपल्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या आई-वडिलांनाही ते ठाऊक असावे.