छापलेलं नाव जसंच्या तसं हवं

बाळा, डॉक्युमेंटेशनच्या टीममध्ये रुजू झालास आणि पहिलंच काम आलं ते प्लॅटफॉर्म मॅक्रोंचं पान नीट करायचं. कुठे नको तिथे अक्षर ठळक झालंय, कुठे तक्ता फुटलाय, कुठे ओळ मोडलीय. वरवर पाहिलं तर रंगसफेदीचं काम वाटतं, पण तसं ते नाही. माझ्या सीनियर बाईंनी मला शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. तेच आता तुझ्या कानात घालते. मॅक्रोंची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमनच असतात.

पहिलं: प्रीप्रोसेसर तक्रार करत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनचं नाव चुकलं की कंपायलर तिथल्या तिथे अडवतो. `#इफडेफ`पुढचं नाव चुकलं तर मात्र तो गप्प बसतो. असं नाव नाही, म्हणजे अट खोटी, आतला कोड गाळायचा आणि पुढे जायचं. `#इफ`मध्ये अनोळखी नावाची किंमत ० धरायची, हा तर सीच्या प्रमाणातलाच नियम आहे. जीसीसी आणि क्लँगला `-डब्ल्यूअनडेफ` दिलं तर `#इफ`साठी निदान इशारा मिळतो, `#इफडेफ`साठी तोही मिळत नाही. म्हणून या पानावर एक अंडरस्कोर गळाला तर तो चुकीचा पत्ता ठरतो, आणि पत्ता चुकलाय हे सांगणारं वाटेत कुणीच नसतं. इतर पानांवर फॉरमॅटिंग बिघडलं तर वाचायला त्रास होतो, इथे बिघडलं तर वाचकाचा प्रोग्रॅम बिघडतो.

दुसरं: अंडरस्कोर मोजून घे. सीच्या प्रमाणाने दोन अंडरस्कोरने सुरू होणारी, किंवा एक अंडरस्कोर आणि मग मोठं अक्षर अशी नावं कंपायलर आणि त्याच्या लायब्रऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत. म्हणून तर प्लॅटफॉर्मची बहुतेक नावं अशी दिसतात: `__लिनक्स__`, `__ॲपल__`, `__अँड्रॉइड__`, `_विन३२`. तिकडे जॉन ग्रुबरने २००४ साली मार्कडाउन आणलं, त्यात शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर म्हणजे ठळक अक्षर. दोघांनी एकच खूण वापरली आणि पानावर मार्कडाउनचं राज्य चालतं. नाव उघडं लिहिलं की अंडरस्कोर गायब होतात आणि ठळक अक्षरात नुसतं 'लिनक्स' उरतं.

याचा परिणाम काय होतो ते नीट बघ. वाचक ते नाव तसंच उचलतो आणि `#इफडेफ लिनक्स` लिहितो. त्याच्या मशीनवर ते चालतंसुद्धा, कारण लिनक्सवरचा जीसीसी नेहमीच्या ग्नू पद्धतीत `लिनक्स` हे बिनअंडरस्कोरचं जुनं नावही स्वतःहून १ देतो. पुढे कधीतरी टीममधलं कुणी `-एसटीडी=सी११` लावून काटेकोर प्रमाण मागतं. त्या क्षणी ते जुनं नाव नाहीसं होतं, लिनक्ससाठी लिहिलेला सगळा भाग गळतो, आणि एरर आलाच तर तो भलत्याच फाइलमध्ये येतो. माणसं दिवसभर कोड उकरत बसतात आणि मूळ दोष या पानावर असतो. विंडोजचंही तसंच आहे. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर स्वतः देतो ते `_विन३२`. `विन३२` हे नाव बऱ्याच व्हिज्युअल स्टुडिओ प्रोजेक्टांच्या सेटिंगमधून येतं, ते सगळीकडे मिळेलच असं नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक नाव, अगदी वाक्याच्या मधलंसुद्धा, बॅकटिकमध्ये घाल. बॅकस्लॅश लावून अंडरस्कोर वाचवता येतो, पण ते नाव साधा मजकूरच राहतं आणि पुढे अवतरणं बदलणाऱ्या किंवा शब्द तोडणाऱ्या प्रक्रियेच्या हाती सापडतं. शिवाय छापील पानावर दोन अंडरस्कोर एकमेकांना चिकटून एकच लांब रेघ दिसते. म्हणून पानाच्या सुरुवातीला एकदा शब्दांत लिही: 'आधी दोन, नंतर दोन अंडरस्कोर.'

तिसरं: पान कुठल्या इंजिनातून निघतं ते विचार. `_एमएससी_व्हर` हे नाव मूळच्या मार्कडाउनमध्ये मोडायचं, मधलं 'एमएससी' तिरपं व्हायचं. २०१४च्या कॉमनमार्कने शब्दाच्या पोटातले अंडरस्कोर मोकळे सोडले, त्यामुळे आता ते टिकतं. म्हणजे तुझ्या एडिटरमधला प्रीव्ह्यू बरोबर दिसला, एवढ्यावर भागत नाही. जिथून पान प्रकाशित होतं तिथलं बघ. मजकूर एका पद्धतीतून दुसरीत नेताना तर डोळ्यांत तेल घाल. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये कोडसाठी दोन-दोन बॅकटिक लागतात, एकेरी ठेवले तर बहुधा तिरपं अक्षर मिळतं. ॲस्कीडॉकमध्ये बॅकटिक फक्त टाइप बदलतात, आतल्या खुणांचा अर्थ लागतच राहतो. तिथे बॅकटिकच्या आत अधिक चिन्हांची जोडी घातल्याशिवाय नाव सुरक्षित नाही.

चौथं: तक्त्यातल्या उभ्या रेघेला जप. या पानांवर तक्ते असतातच, आणि अटींमध्ये 'किंवा'साठी दोन उभ्या रेघा येतातच: विंडोज `||` सिगविन. गिटहबच्या मार्कडाउनमध्ये उभी रेघ म्हणजे नवा रकाना. बॅकटिक घातले तरी तक्त्यात ती तोडतेच, प्रत्येक रेघेआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. तो नसला की अट मधोमध तुटते आणि रकाने ठरलेल्यापेक्षा जास्त झाले तर जास्तीचे चक्क टाकून दिले जातात. वाचकाला अर्धी अट दिसते, आणि अर्धी आहे हे कळायला मार्ग नसतो. अट लांब असेल तर तक्त्यात कोंबू नकोस. तक्त्यात नाव ठेव, अट खाली स्वतंत्र कोडच्या चौकटीत दे.

पाचवं: कोनी कंस आणि हॅश. सी प्लस प्लस २०मध्ये लायब्ररीची वैशिष्ट्यं तपासायला `<व्हर्जन>` नावाचं हेडर आलं. चौकटीबाहेर लिहिलं तर ब्राउझर त्याला एचटीएमएलचा टॅग समजतो आणि पानावर नुसतं `#इन्क्लूड` उरतं. एकात एक अटी असल्या की काही जण हॅशनंतर जागा सोडून `#  डिफाइन` लिहितात. तसली ओळ चौकटीबाहेर पडली की तिचं मोठं शीर्षक होतं. आणि चौकटीतले इंडेंट कधी सपाट करू नकोस, कुठला `#एंडिफ` कुणाचा हे वाचकाला त्यावरूनच कळतं.

सहावं: न दिसणारं शोध. वर्ड प्रोसेसरमधून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणं वाकडी झालेली असतात आणि साध्या जागेच्या ठिकाणी न तुटणारी जागा बसलेली असते. ही जागा कोडमध्ये गेली की जुना जीसीसी '\३०२' असा भटका बाइट दाखवतो आणि नवखा माणूस घाबरतो. अनेक ओळींच्या मॅक्रोत ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश असतो. त्याच्यापुढे एक जरी स्पेस राहिली तरी जीसीसी इशारा देऊन सांभाळून घेतो, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर मात्र ओळ जोडत नाही. एडिटरमध्ये अदृश्य अक्षरं दाखवायचा पर्याय कायम चालू ठेव. `गिट डिफ --चेक` ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा पकडून देतं.

सातवं: शेवटचा शब्द कंपायलरचा. पान नीट दिसतंय म्हणून ते खरं ठरत नाही. जीसीसी किंवा क्लँगला रिकामी फाइल देऊन `-डीएम -ई` लाव, आधीपासून ठरलेली सगळी नावं तो ओळीने छापतो. त्या यादीशी पानावरचं प्रत्येक नाव ताडून बघ, आणि तेही पानावरून कॉपी करून. हाताने टाइप केलंस तर पानाची परीक्षा होतच नाही. ताडताना अर्थही नजरेत येईल. अँड्रॉइडवर `__लिनक्स__`सुद्धा असतं, म्हणून अँड्रॉइडची अट आधी यायला हवी. `__ॲपल__` मॅकवर आहे तसं आयफोनवरही आहे. `_विन३२` हे ६४ बिटच्या विंडोजवरही ठरलेलं असतं. मॅकवर `__युनिक्स__` नसतं. `__सीप्लसप्लस`ची किंमत तक्त्यात २०१७०३ दिलेली असते, पण मायक्रोसॉफ्टचा कंपायलर खास पर्याय दिल्याशिवाय १९९७११च सांगतो. असं काही पानावर राहून गेलेलं दिसलं तर टिपून ठेव, पण फॉरमॅटिंगच्या दुरुस्तीत मिसळू नकोस, वेगळी कमिट कर. तपासणाऱ्याला एका वेळी एकच प्रश्न पडला पाहिजे.

आठवं: सरसकट बदल करू नकोस. शोधा-आणि-बदला चालवून सगळ्या अंडरस्कोरना बॅकस्लॅश लावायचा मोह होतो. तो कोडच्या चौकटीतही घुसतो आणि तिथे बॅकस्लॅश तसाच छापला जातो. एकेक जागा बघून बदल. मग शब्दवार डिफ काढ, म्हणजे ओळींच्या गर्दीत हरवलेलं एकुलतं चिन्हही वर येतं.

आणि दुरुस्ती पाठवताना 'फॉरमॅटिंग नीट केलं' एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. आधी पानावरून कॉपी केल्यावर वाचकाच्या हाती काय पडत होतं, आता काय पडेल आणि तू ते कुठल्या कंपायलरवर ताडलंस, या तीन गोष्टी लिही. तुझ्यानंतर हे पान सांभाळणाऱ्याला त्यावरून कळेल की इथले बॅकटिक शोभेसाठी नाहीत, आणि 'पान सुटसुटीत करू' म्हणून ते काढायला त्याचा हात धजावणार नाही.