एकदाच घातलेली शेरवानी : जुन्या डिझायनर कपड्यांचा धंदा

लग्नाची शेरवानी आणि घागरा यांची किंमत सर्वांत जास्त व वापर सर्वांत कमी. एक दिवस अंगावर, मग वर्षानुवर्षे पेटीत. सिंदेवाही, नागभीड, मूल या धानपट्ट्यात चुकारे हाती आले की लग्नाच्या कपड्यांसाठी नागपूर गाठले जाते. कधी त्यासाठी कर्जही होते. तीच जोडी वापरलेली, पण नीटनेटकी, गावातच स्वस्तात मिळाली तर गिऱ्हाइकाचा पैसा वाचेल आणि आपल्या दर्जी व रफूगर बांधवांच्या हातालाही काम मिळेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो 'उतरन' घालण्याचा. पण प्रेषित मुहम्मद (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. धुऊन पाक केलेल्या कपड्यावर नमाजही होते, मग लाज कसली? शिवाय सुताच्या एका शर्टामागे, कापूस पिकवण्यापासून, सुमारे 2,700 लिटर पाणी खर्ची पडते असा हिशेब जाणकार मांडतात. जुना कपडा आणखी दहा वर्षे चालला तर तेवढे नवे कापड विणावे लागत नाही.

या धंद्याचे सारे भांडवल म्हणजे दर्ज्याची नजर. लेबल बाजारात सुटे विकत मिळते, म्हणून त्यावर जाऊ नये. कपडा उलटा करून पाहावा. अस्तर ताणलेले आहे का, काजाचे दोरे दाट आहेत का, शिवणीत माया किती सोडली आहे, हे तपासावे. माया भरपूर असेल तर कपडा दुसऱ्याच्या मापाचा करता येतो. नसेल तर कितीही मोठे नाव असो, किंमत कमीच धरावी. काखेतील घामाचे पिवळे डाग आणि गळ्याजवळचे अत्तराचे डाग रेशमावरून सहसा जात नाहीत. जरदोजीची तार काळी पडली असेल तर ती बदलण्याची मजुरी आधी कारागिराला विचारावी.

कापड ओळखायला मायेतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदासारखे जळते. रेशमाला, आरमोरीकडच्या टसरालाही, केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. शेरवानीच्या बाबतीत ही परीक्षा टाळू नये, कारण शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य आहे आणि गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर विसंबून ती घेणार. (वरून रेशीम, आतून सूत असा 'मश्रू' गुजरातेतील विणकरांनी याच कारणाने घडवला.)

आता दोष सांगण्याविषयी. बाजारातील धान्याच्या राशीत प्रेषितांनी (स.) हात घातला तेव्हा आतील दाणे ओले निघाले, आणि ते वर का ठेवले नाहीत असे त्यांनी विचारले. धानाच्या गावात ही हदीस समजावून सांगावी लागत नाही. रफू कुठे आहे, तार कुठे बदलली, डाग कुठला, हे चिठ्ठीवर लिहून कपड्यालाच टाचावे. नक्कल असेल तर दुकानात ठेवूच नये. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकल्यास 1999 च्या कायद्यानुसार 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी एक सवलत ध्यानात ठेवावी. जुना माल जसाच्या तसा किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकला आणि त्याच्या खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल, तर कर खरेदी-विक्रीच्या फरकावरच लागतो. त्यासाठी खरेदीची नोंद हवी. विकणाऱ्याचे नाव, पत्ता व सही वहीत घ्यावी. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणूनही ती उपयोगी पडते.

सुरुवातीला पैसे गुंतवू नयेत. पाच-सहा घरांतून कपडे विक्रीसाठी ठेवून घ्यावेत आणि कमिशन आधीच लिहून ठरवावे. कपडा विकला जाईपर्यंत तो आपल्याकडे अमानत असतो. तो उंदीर-कसरीपासून जपायचा, आणि भाड्याने तर मुळीच द्यायचा नाही.