कीटकनाशकें आणि शरीरांतील वाहक

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यांत धानावर खोडकिडा, तुडतुडे व गादमाशी येतात, मिरची-वांग्यांवर अळ्या पडतात, आणि शेतकरी पाठीवर पंप बांधून फवारणीस निघतो. त्याच घरांत कोणी वडील माणूस हृदयविकाराचें औषधही घेत असतो. कीड मारणारें व रोग हटविणारें अशीं हीं दोन द्रव्यें शरीरांत एकमेकांच्या आड येतात काय, याचा विचार, विद्यार्थीमित्रहो, आज आपण करूं.

प्रथम विष शरीरांत शिरतें कसें तें पाहूं. तें तोंडावाटेंच जातें असें नाहीं. त्वचेंतून व श्वासांतूनही जातें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर यांस विषबाधा झाली आणि कित्येकांचे प्राण गेले.

आतां शरीराची व्यवस्था पाहूं. प्रत्येक पेशीभोवतीं पातळ पटल असतें. चरबींत विरघळणारीं द्रव्यें त्यांतून सहज आंत झिरपतात. गळक्या डोंग्यांत पाणी शिरूं लागलें म्हणजे एकजण तें सारखें उपसत बसतो. त्याप्रमाणें पटलांतील कांहीं प्रथिनें परकीं द्रव्यें बाहेर टाकीत असतात. यांस वाहक म्हणतात. त्यांपैकीं एक प्रमुख म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. ज्युलिआनो व लिंग या शास्त्रज्ञांनीं १९७६ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आंतड्यांत, यकृतांत, मूत्रपिंडांत व मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्याचा पहारा असतो. हृदयविकारावरील डिगॉक्सिन हें औषध बाहेर टाकण्याचें कामही तोच करतो. आणि या औषधाची मात्रा थोडी वाढली तरी अपाय होतो.

या पहाऱ्याचें महत्त्व एका अकल्पित घटनेनें कळलें. हॉलंडांतील शास्त्रज्ञांनीं हा वाहक नसलेले उंदीर तयार केले होते. अंगावरील किडे मारण्यासाठीं त्यांवर आयव्हरमेक्टिन फवारलें, तेव्हां ते उंदीर मेले. साधे उंदीर मात्र वांचले. वाहक नसलेल्या उंदरांच्या मेंदूंत तें औषध ८० पटींहून अधिक सांचतें, असें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. हेंच आयव्हरमेक्टिन मनुष्यास खरूज व हत्तीरोग यांवर दिलें जातें; निरोगी वाहक मेंदूचें रक्षण करतो म्हणून योग्य मात्रेंत तें निर्धोक असतें. मिरची-वांग्यांवर फवारलें जाणारें इमामेक्टिन याच कुळांतील आहे.

डोंग्यांतील उपसणाऱ्याचे हात दोनच. त्याला दुसऱ्याच कामांत गुंतविलें, तर पाणी वाढणारच. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९९६ सालीं नाना प्रकारचीं कीटकनाशकें पेशींवर तपासलीं, तेव्हां त्यांतील कांहीं या वाहकास अडथळा करतात असें दिसलें. अशा अडथळ्यानें औषध शरीरांत अपेक्षेपेक्षां अधिक सांचूं शकतें. तथापि हे प्रयोग पेशींवरचे आहेत. शेतांतल्या प्रत्येक फवारणीनें असें घडतेंच असें त्यांवरून म्हणतां येत नाहीं. म्हणून भिऊन औषध सोडणें हें अविचाराचें होय.

मग करावें काय? फवारणी करणाऱ्यानें अंग झांकावें, वाऱ्याच्या उलट दिशेनें फवारूं नये, काम आटोपतांच साबणानें स्नान करावें. डॉक्टरांकडे जातांना कोणतें कीटकनाशक केव्हां फवारलें हें न विसरतां सांगावें, जमल्यास त्याच्या डब्यावरील नांव लिहून न्यावें. डॉक्टर औषधांची चौकशी करतात. शेतांतल्या द्रव्यांची गोष्ट मात्र आपण आपणहून सांगितल्याशिवाय पुष्कळदां निघतच नाहीं. ज्या घरीं वडील मंडळींस तें बारीक अक्षर वाचवत नाहीं, तेथें हें काम शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींनीं करावें. विद्येचा इतका उपयोग घरास झाला तरी ती सार्थकीं लागली.