चवदार तळ्याचा दावा

महाडचा सत्याग्रह आपल्या घराघरांत सांगितला जातो. परंतु ओंजळभर पाणी प्याल्यानंतर त्याच पाण्यासाठी बाबासाहेबांना वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले, हा भाग मात्र मागे पडतो. धम्मबंधू-भगिनींनो, तो मुलाबाळांनाही समजावून सांगा.

१९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बाबासाहेब बॅरिस्टर झाले. मुंबईस आले तेव्हा वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. ते मित्र नवल भथेना यांनी दिले व १९२३ मध्ये वकिली सुरू झाली. अस्पृश्य बॅरिस्टराकडे सॉलिसिटर सहसा फिरकत नसत. पोटासाठी शिकवण्याचे कामही करावे लागले.

महाड नगरपालिकेने तळे १९२४ सालीच खुले केले होते, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या लोकांसह तळ्यावर गेले. पाणी प्याल्याबद्दल लोकांना मार बसला, आणि तळे शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करण्यात आले. जनावराचे मूत्र चालते, माणसाचा हात चालत नाही! डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा स्पृश्यांनी १२ डिसेंबरला दावा लावला. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

हजारो माणसे जमली होती, तुरुंगात जाण्यास तयार होती. पण कोर्टाचा हुकूम मोडला तर सरकारही विरुद्ध जाईल, हे बाबासाहेब ओळखून होते. सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली; पाण्याला कोणी हात लावला नाही. पाणी पिण्यापेक्षा हे अधिक कठीण होते, असे मला वाटते.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली. १९३१ साली महाडच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला, १९३३ साली ठाण्यास अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने शेवटचे अपील काढून टाकले.

आता हायकोर्टाने काय म्हटले ते लक्षात घ्या. वहिवाट अनादि असल्याचे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावर निकाल झाला. ती सिद्ध झाली असती तर अशी वहिवाट न्याय्य की अन्याय्य, हे ठरवण्याची वेळ आली असती. ती आली नाही, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. म्हणजे पाणी मिळाले ते पुरावा अपुरा पडल्यामुळे. शिवाशिव वाईट आहे, असे म्हणण्याची न्यायाधीशांना गरजच पडली नाही.

हे अपील चालू असतानाच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. कोर्टाचा दरवाजा कोठवर उघडतो हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक, त्याच माणसाची ही घोषणा होती.

हायकोर्टात राहिलेला तो प्रश्न २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या सतराव्या कलमाने मिटवला. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास त्यांनी दीक्षा घेतली.