पार्ट नको, काम द्या



नोव्हेंबर संपत आला की आम्हा संडेस्कूलच्या शिक्षकांचे फोन वाजायला लागतात. नाताळच्या कार्यक्रमात आमच्या मुलीला काय पार्ट दिलाय? मरिया कोण होणार? मागच्या वर्षी आमच्याला मेंढरू केलं होतं, यंदा निदान मागी तरी करा. मी ऐकून घेते, आणि रागही येत नाही. आपलं लेकरू जरीचा झगा घालून उभं राहिलेलं कोणाला आवडणार नाही? पण आमच्या मुलाला सतरंज्या उचलायला घ्या, असं सांगणारा फोन मला अजून यायचा आहे. आजचं हितगुज त्या न आलेल्या फोनविषयी.

आपल्याकडे मूल चर्चला येतं ते दोन गोष्टींसाठी. एरवी गप्प बसायला आणि सणावाराला स्टेजवर चढायला. या दोहोंच्या मध्ये त्याला काही कामच नसतं. बाप्तिस्मा झाला, संडेस्कूलची वर्षं गेली, दृढीकरणाचा वर्ग झाला, पांढऱ्या कपड्यांत फोटो निघाला आणि पुढच्या रविवारपासून पोरगं दिसेनासं झालं. मग आपण मोबाइलला दोष देतो, कॉलेजला देतो, संगतीला देतो. मी पाहिलंय ते वेगळं आहे. ज्या मुलाची रविवारी कोणीतरी वाट पाहत असतं, कारण तबला त्याच्याकडे आहे किंवा गीतांचे क्रमांक फळ्यावर तोच लावतो, ते मूल सहसा गळत नाही. विश्वासाचे प्रश्न त्यालाही पडतात, पण प्रश्न पडलेले असतानाही ते येतं, कारण तबला दुसरं कोण वाजवणार!

शमुवेलाची गोष्ट तुम्ही घरी सांगितली असेल. रात्री देवानं हाक मारली, मुलगा पुन्हा पुन्हा एली याजकाकडे धावला, शेवटी एलीनं ओळखलं की ही हाक कोणाची. आपण गोष्ट तिथंच संपवतो आणि दिवा मालवतो. पुढचं एक वाक्य निसटतं. सकाळ झाली तेव्हा शमुवेलानं मंदिराची दारं उघडली. ज्याच्याशी रात्री देव बोलला, त्या पोरानं सकाळचं आपलं नेमलेलं काम चुकवलं नाही. आणि त्याची आई हन्ना पाहा. दरवर्षी त्याच्यासाठी छोटा झगा शिवून ती शिलोच्या त्या मंदिरात न्यायची. मूल दूर, वाढतं वय, माप घ्यायची सोय नाही. अंदाजानंच शिवत असणार बिचारी. मला ही आई फार जवळची वाटते. मुलाचं काम तिनं स्वतः केलं नाही, पण त्याच्या अंगावर लागेल ते पुरवलं.

आपण उलटं करतो. संडेस्कूलचं पाठांतर मुलाऐवजी आईच करते, चार्ट आईच रंगवते, आणि उपासना संपल्यावर मुलाच्या हातात झाडू दिसला की तीच आई धावत येऊन म्हणते, अहो, याला कशाला लावलं?

मग काम द्यायचं तरी कोणतं? कापणीच्या सणाचंच बघा ना. लोक ज्वारी-बाजरीची पोती, भोपळे, नारळ, अंडी, एखादी जिवंत कोंबडी घेऊन येतात. उपासना झाली की लिलाव. एकच नारळ चार जण घेतात आणि परत अर्पण करतात, त्याची बोली चढत जाते, म्हाताऱ्या हसतात, कोंबडी पिशवीतून डोकं काढते. मुलांना या दिवसासारखं दुसरं काही आवडत नाही आणि नेमकं याच दिवशी आपण त्यांना 'मध्ये मध्ये येऊ नका' म्हणतो. वस्तू उचलून पुढे आणणं, कोणी काय कितीला घेतलं ते वहीत लिहिणं, शेवटी बेरीज करून खजिनदारांना देणं, ही कामं सातवी-आठवीची मुलं उत्तम करतात. बेरीज चुकते. चुकू द्या. खजिनदार पुन्हा करतीलच. त्यांचीही कधी कधी चुकते.

बाकीही पुष्कळ आहे. प्रभुभोजनानंतरचे छोटे पेले धुणं, पुसणं आणि मोजून ठेवणं. डोळ्यांना दिसत नाही अशा आजींच्या घरी जाऊन त्यांना एक अध्याय वाचून दाखवणं. पाळकसाहेब आजारी माणसाला घरी प्रभुभोजन द्यायला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर पिशवी धरून जाणं. या शेवटच्या कामाला पालक कचरतात. आजाऱ्याच्या घरी मुलाला कशाला न्यायचं? मला वाटतं, न्यावंच. खाटेवरच्या माणसाचा हात हातात धरून मोठी माणसं कशी प्रार्थना करतात, हे एकदा पाहिलेल्या मुलाला प्रार्थना म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

आता पैशांचं. अर्पणाची थैली जवळ आली की आई पर्समधून दहाची नोट काढून मुलाच्या मुठीत कोंबते आणि मूल ती थैलीत टाकतं. यात मुलाचं काय गेलं? खाऊच्या पैशांतलं काही त्याला स्वतः बाजूला ठेवू द्या, रुपया का असेना. मिझोराममधल्या मंडळ्यांत बुहफाई थाम नावाची पद्धत शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ काढताना दर वेळी एक मूठ देवाच्या कामासाठी वेगळी ठेवते. ते तांदूळ गोळा होतात, विकले जातात आणि त्यातून मिशनची कामं चालतात. ही मूठ काढली जाते घरच्या चुलीपाशी, मुलांच्या देखत, आणि रविवारची वाट न पाहता. तिथल्या मुलांना दानधर्मावर प्रवचन द्यायची फारशी गरज पडत नसावी.

चुलीपाशी आलोच आहोत तर सोमवार ते शनिवारचंही बोलू. आपल्या मंडळीत नर्स आहेत, झेडपीच्या शाळेतले गुरुजी आहेत, बँकेत, एमआयडीसीत, एसटीत काम करणारे आहेत. रात्रपाळी करून आलेली आई घरी काय सांगते? मेट्रन किती छळते, सुट्टी कशी मिळाली नाही, पगार किती कापला. खरं असतं ते, आणि बोलून मन हलकं व्हायला हवंच. पण पहाटे तीन वाजता एका म्हाताऱ्याची चादर तिनं न चिडता तिसऱ्यांदा बदलली, हे मुलाच्या कानावर कधी येतच नाही. स्वतःची फुशारकी नको म्हणून ती गप्प बसते. परिणाम असा होतो की मुलाच्या लेखी आईचा विश्वास चर्चमध्ये आणि आईची नोकरी वेगळ्याच जगात. अहो, तुमचा विश्वास त्या चादरीतच होता! पौल तंबू शिवायचा. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्यांच्या बरोबरीनं तो हा धंदा करायचा. हातात सुई आणि तोंडात सुवार्ता, एकाच घरात.

आपल्या नगर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. लग्नाच्या वेळीच दोघांनी ठरवलं होतं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित समाजातल्या होत्या. त्या बाळांची वजनं करू लागल्या, बाळंतपणं करू लागल्या, आणि ज्या घरांच्या उंबऱ्यावर त्यांना उभं केलं जात नव्हतं तिथं त्यांना आत बोलावणं येऊ लागलं. दुष्काळात पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं, म्हणजे पाणी हवं असणाऱ्या साऱ्या गावानं तिथं यावं. या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडला मुलांना एकदा जरूर घेऊन जा. महाबळेश्वर कुठं पळून जात नाही.

'पण विश्वास नुसता कामातून दाखवायचा आणि बोलायचं काहीच नाही का?' असं गेल्या पालकसभेत एका वडिलांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. दोन प्रकारची घरं मला दिसतात. एका घरात मुलाला सांगतात, शाळेत मित्रांना साक्ष दे, त्यांना सांग की तुमचं चुकतंय. दुसऱ्या घरात सांगतात, वातावरण बरं नाही, आपण ख्रिस्ती आहोत हे बोलूच नकोस. पहिल्या घरातलं मूल मित्र गमावतं, दुसऱ्यातलं स्वतःची लाज बाळगायला शिकतं. दोन्ही मला पटत नाहीत.

मुलांना शाळेत काय विचारतात ते आपल्याला ठाऊक आहे. तुम्ही घरी इंग्रजी बोलता का? तुमचे आजोबा इंग्रज होते का? तुम्ही दिवाळीत फराळ खाता का? यावर मुलाजवळ चार साधी, न चिडता बोलता येणारी वाक्यं असायला हवीत, आणि ती घरातच तयार होतात. त्याला सांगा की फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली मराठी ओव्यांत छापलं गेलं. 'ज्ञानोदय' नगरहून १८४२ मध्ये सुरू झाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांची फुलांची, मुलांची कविता मराठी वाचणाऱ्या सगळ्यांनीच आपली मानली. आपण या मातीतले आहोत, हे पाठ करून म्हणायचं नसतं. माहीत असलं की बोलण्यात आपोआप येतं. पेत्रानंही सांगितलंय की आपल्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर तयार असावं, पण ते सौम्यतेनं आणि आदरानं द्यावं. कोणी विचारलं तर. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मित्राच्या मागे लागायचं नसतं, आणि त्याच्या देवाविषयी वाकडा शब्द तर कधीच नाही.

टिळकांच्याच घराकडे बघा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर काही वर्षांनी, त्यांचं मन त्यांच्या वेगानं वळल्यावर. पुढे याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा कवी मुलगा राहिला, आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्याविषयी फार मायेनं लिहिलंय. त्या घरात रोज प्रार्थना होती, भजनं होती, येशूचं नाव होतं. बालकवी तिथं जेवला, रुसला, कविता करत राहिला आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिला. माया काही त्यामुळे कमी झाली नाही. विश्वास वाटून घेणं कसं असतं असं मला कोणी विचारलं तर मी या घराकडे बोट दाखवीन. तुमच्या मुलाचे मित्र नाताळला करंज्या आणि केक खायला येऊ देत, त्यांच्यासमोर जेवणाआधीची प्रार्थना नेहमीसारखीच होऊ दे, आवाज चढवून नको आणि दबून नको.

एक गोष्ट जरा कडू आहे, पण बोलायला हवी. रविवारी घरी जाताना स्कूटरवर किंवा रिक्षात आपण काय बोलतो? आजचा संदेश किती लांबला, पाळकांच्या बायकोनं कोणती साडी नेसली होती, कमिटीच्या निवडणुकीत कोणी कोणाला पाडलं. मिशनच्या जागांवरून कोर्टात भांडणारे गट आपण पाहिलेत आणि त्यांची तरफदारी मुलांच्या कानांवर पडत असतेच. मधे बसलेलं मूल सगळं ऐकतं. संदेश ते विसरतं, हे विसरत नाही. टीका करूच नका असं मी म्हणत नाही. जिथं हिशेब चुकतोय तिथं विचारलंच पाहिजे. पण ते सभेत उभं राहून विचारा, आणि त्या सभेला मुलालाही न्या, म्हणजे भांडण न करता विरोध कसा करायचा हे त्याला दिसेल. दिसलं तर!

आता पुन्हा मुलांच्या कामाकडे येऊ. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्यात त्यांची कित्येक वर्षं गेली, आणि १९२२ साली त्या वारल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं. ते छापलं कोणी? मुक्तीच्याच बायका-मुलींनी. त्यातल्या कित्येकजणी दुष्काळातून, टाकून दिलेल्या अशा तिथं आल्या होत्या. खिळे जुळवणं, मुद्रितं काढणं, छापणं, बांधणं, सगळं त्यांच्या हातचं. रमाबाईंनी त्यांना आश्रित म्हणून बसवून ठेवलं नाही, सर्वांत मोठ्या कामात हात लावू दिला. आपल्या मुलांना आपण याहून कमी लेखतो, हे मला खरंच कळत नाही.

तुमची अडचण मला माहीत आहे: रविवारी सकाळी क्लास असतो. दहावीचं वर्ष, बारावीचं वर्ष, मग सीईटी. मी शिक्षिका होते, अभ्यासाचं महत्त्व मला कोणी सांगायला नको. पण ज्या मुलाला दहावीच्या वर्षी मंडळीतलं एक छोटं काम सांभाळता येतं, त्याला वेळ कसा लावायचा हेही कळतं. अगदीच जमणार नसेल तर काम शनिवारचं घ्या.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता नाताळसाठी चर्चची झाडलोट आहे. बाक हलवायचे आहेत, खिडक्या धुवायच्या आहेत, घंटेच्या मनोऱ्यात कबुतरांनी काय करून ठेवलंय ते सांगत नाही. मुलांना जुन्या कपड्यांत पाठवा आणि तुम्हीही या. झाडू आहेत, बादल्या कमी पडतात. घरून एक आणा आणि तिच्यावर नाव घाला, गेल्या वर्षीच्या दोन अजून कोणी नेलेल्या नाहीत.