जुन्या मोटारसायकलीची मंद चाल : दोष शोधण्याचा क्रम

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास जिल्ह्यांत मोटारसायकल हे चैनीचे साधन राहिलेले नाही. शिक्षक तिच्यावरून शाळेत जातात, दूधवाले पहाटे कॅन बांधून निघतात, शेतकरी मंडीत जाऊन येतात. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे भारत टप्पा सहा हे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंधन-प्रक्षेपण पद्धतीने घेतली. तथापि त्यापूर्वीच्या, कार्बोरेटर असलेल्या असंख्य गाड्या आजही संसाराचा भार वाहत आहेत.

अशा गाड्यांविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे, वेगात गाडी उत्तम चालते. मात्र मूठ सोडताच इंजिन थरथरते, अडखळते आणि बंद पडते. ही बाब क्षुल्लक नव्हे. आग्रा-मुंबई महामार्ग ओलांडताना किंवा मांडूकडील वळणावर गाडी अचानक बंद पडली, तर प्राणावर बेतू शकते. शिवाय पेट्रोल वाहनाच्या धुराची तपासणी याच मंद चालीवर होते. ३१ मार्च २००० नंतर तयार झालेल्या जुन्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण ३.५ टक्क्यांहून अधिक आढळल्यास प्रमाणपत्र मिळत नाही.

दोषाचे मूळ

मंद चालीत कार्बोरेटरचा मुख्य मार्ग जवळजवळ बंद असतो. इंजिनाला लागणारे पेट्रोल तेव्हा पायलट जेटच्या अतिसूक्ष्म छिद्रातून येते. कचऱ्याचा एखादा कण किंवा फटीतून शिरलेली थोडीशी हवा एवढ्यानेही मिश्रणाचा तोल जातो. वेगात मोठा मार्ग उघडत असल्याने तोच दोष झाकला जातो.

बहुतेक जण अशा वेळी प्रथम रेसचा स्क्रू आवळतात. गाडी बंद पडणे तात्पुरते थांबते. परंतु दोष तसाच राहतो आणि पेट्रोल अधिक जळते. म्हणून स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. हवा : उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये साचते. फिल्टर स्पंजाचा असल्यास साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा व त्यास किंचित तेल लावावे. कागदी फिल्टर खराब झाल्यास बदलावा.

२. ठिणगी : प्लग काढून त्याचा रंग पाहावा. तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा होय. कोरडी काजळी पेट्रोल जास्त असल्याचे, पांढरा रंग हवा जास्त असल्याचे, तर ओला तेलकट थर तेल जळत असल्याचे दर्शवितो. प्लगमधील अंतर पुस्तिकेनुसार ठेवावे. जुन्या गाडीत पॉइंट असल्यास तेही स्वच्छ करावेत.

३. पेट्रोल : कॉकची जाळी व कार्बोरेटरची वाटी धुवावी. पायलट जेट पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने साफ करावे. त्यात तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाल्यास जेट निकामी होते. २०२५ पासून देशात सर्वत्र २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि जुन्या गाडीचे रबरी भाग त्याने लवकर झिजू शकतात. म्हणून पाइप व वॉशर तपासावेत. गाडी अनेक दिवस उभी राहणार असल्यास वाटी रिकामी करावी.

४. हवेची गळती : कार्बोरेटर आणि इंजिन यांमधील रबरी सांध्यास तडे गेले आहेत काय, हे पाहावे. गाडी चालू असता सांध्यावर थोडे साबणाचे पाणी सोडावे. चालीत बदल जाणवल्यास तेथे गळती समजावी. या कामी पेट्रोल कदापि शिंपडू नये.

५. जुळवणी : चार-स्ट्रोक गाडीत प्रथम इंजिन थंड असता टॅपेटचे अंतर तपासावे. त्यानंतर इंजिन चांगले तापवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत चाल सर्वांत समतोल होईल तेथे ठेवावा. स्क्रू पूर्वी किती फेरे उघडा होता, याची आधी नोंद करावी. शेवटी रेस ठरवावी. शंभर सी.सी.च्या चार-स्ट्रोक गाड्यांत मंद चाल साधारणतः मिनिटाला १४०० फेऱ्यांची असते.

काम मोकळ्या जागेत करावे. बंद खोलीत इंजिन चालू ठेवल्यास विषारी वायू साचतो. पेट्रोलचे भाग धुताना जवळ विडी अथवा दिवा नसावा.

इतके करूनही दोष राहिल्यास झडपा, पिस्टनच्या रिंगा किंवा दोन-स्ट्रोक गाडीतील क्रँकचे ऑइल सील झिजले असण्याचा संभव असतो. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे. मात्र कोणकोणत्या बाबी तपासून झाल्या, हे त्यास सांगावे. तेवढ्याने अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो आणि रोजच्या कामाचा खोळंबा टळतो.